निम्मी निम्मी पुडी

लातूर, १२ ऑक्टोबर

अजीज,

फोन लावला की तू कट करतोस, म्हणून हा कागद. कागद फाडता येतो म्हणा, पण तुझा डावा हात तुला तेवढं नीट फाडू देणार नाही, हे मला ठाऊक आहे.

शिवाय व्यायामवाल्या बाईंनी मला रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहायला लावलंय. ओळीच्या शेवटाला जाईस्तोवर माझं अक्षर मुंगीएवढं होतं, ते या कंपवातातलंच आहे म्हणे. आठ दिवस नुसतं स्वतःचं नाव लिहिलं. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसल्यासारखं वाटायला लागलं. त्यापेक्षा तुला शिव्या लिहिलेल्या बऱ्या.

नाझनीन बेटा, वाचून तूच दाखवणार हे मला माहीत आहे. तुझे अब्बा उर्दू शाळेतले. आम्ही दोघं उमरीच्या कापूस जिनिंगमध्ये हेल्पर होतो तेव्हाही माझं अक्षर त्यांना लागत नव्हतं. त्यांनी हातानं 'बस' केलं तरी थांबू नको. त्यांचा हात तसाही हलतोच.

तर मुद्द्याचं. नांदेडला दवाखान्याच्या फाटकासमोर, अर्धापूरच्या त्या केळीवाल्याच्या देखत, तू मला म्हणालास, "रामलिंग, ये अमानत में खयानत है," आणि रिक्षात बसून गेलास. मग कळलं, नांदेडच्या घराला कुलूप लावून लेकीकडं धर्माबादला जाऊन बसलास. उमरी सुटल्यावर तू नांदेडला मोटारी वाइंडिंग करत राहिलास, मी लातूरला डाळमिलच्या मशिनी दुरुस्त करता करता स्वतःचं वर्कशॉप टाकलं. इतक्या वर्षांनी एकाच आजाराच्या बाकावर शेजारी सापडलो, आणि तू एका डब्यावरून रुसलास.

काय खयानत केली आपण? महामायाताईंनी, आपल्या डॉक्टर मॅडमनी, समजावून सांगितलं होतं, या आजारात मेंदूतल्या लहरी मंद पडतात. डी जीवनसत्त्व दिलं तर त्या लहरींत काही फरक पडतो का, ते त्यांना बघायचंय. दर रविवारी एक पुडी. निम्म्या पेशंटला खरी पुडी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी भुकटी. कुणाला कोणती, ते त्या स्वतःसुद्धा जाणत नाहीत, ते मुंबईत कुणाकडं तरी कुलपात आहे. तू तेव्हा म्हणालास, नांदेडच्या उन्हात वांगं भाजून निघतं आणि आपल्याच अंगात उन्हाचं औषध कमी कसं. त्या हसल्या होत्या.

मी एवढंच म्हणालो की आपल्या दोघांत एकाला तरी खरी असणारच. मग दुसऱ्यानं उपाशी का राहायचं? दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बसलो, चहा 'एक में दोन' सांगितला, एक चहा दोन कपात, जसा उमरीला सांगायचो तसा. महिन्याच्या तुझ्या पुड्या, माझ्या पुड्या, सगळ्या माझ्या स्टीलच्या डब्यात फोडल्या, झाकण लावून हलवलं आणि तुझ्या चमच्यानं निम्म्या निम्म्या केल्या. माझ्या वाट्याला चिमूटभर जास्त आलं म्हणून तूच कुरकुरत होतास. तेव्हा अमानत कुठं गेली होती?

आणि फायदा झालाच ना. परवा उदगीरला मलप्पाच्या डाळमिलमध्ये गेलो. "अण्णा, कान घेऊन या," म्हणाला. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं, एक कानाला लावलं. हात दगडासारखा. लगेच सांगितलं कोणतं बेअरिंग गेलंय ते. माझ्या वर्कशॉपातला शिवशंकर बघतच राहिला.

१९ नोव्हेंबरला शेवटची टोपी आहे, ती डोक्यातल्या लहरी मोजायची, तारांची. तुझी आणि माझी एकाच दिवशी. तू ये. रुसवा टोपीनंतर चालू कर.

अक्षर बारीक होऊन राहिलं. थांबतो.

रामलिंग


लातूर, २४ ऑक्टोबर

अजीज,

तुझं कार्ड आलं. एवढं कोरं कार्ड मी जन्मात पाहिलं नाही. "अब्बा विचारतात, मॅडमला सांगितलं का?" बस. दिवाळीच्या शुभेच्छा नाहीत, वहिनीची चौकशी नाही. नाझनीन, बेटा, तू तरी दोन शब्द जास्तीचे घालायचे होतेस.

सांगायला काय, सांगेन. गेल्या आठवड्यात फोन लावला होता. मॅडम वॉर्डात होत्या. परत लावला तर माझाच आवाज त्यांच्या माणसाला ऐकू जाईना. "हॅलो, कोण, जरा मोठ्यानं बोला." मी म्हटलं, अरे मी मोठ्यानंच बोलून राहिलो. माझा आवाज बसत चाललाय, हे मला माझ्या कानानं कळत नाही, ही गंमत आहे बघ. दुसऱ्या खोलीत भांडं सरकलं तर कळतं. गल्लीत कुणाची गाडी एका सिलिंडरवर चाललीय ते कळतं.

घरात चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की पाय चिकटतात. चतुरा म्हणते, "तुमच्या पायाखाली काय चाळणी चालू हाय का? एका जागी ठरा की." मी म्हटलं, ठरलो तर तू म्हणशील बुढ्ढा गेला. ती म्हणाली, "तसं न्हाई म्हणणार. आधी हात लावून बघीन." तुझी वहिनी अशी आहे. तुला फराळाचा डबा पाठवायचा म्हणते. मी म्हटलं, डब्याचं नाव काढू नको त्याच्यापुढं.

तुला कशाचा राग आला ते मला कळलंय. पुड्यांचा नाही. आपण पुड्या फोडत होतो तेव्हा तू हसत होतास. तिसऱ्या महिन्याला आपण रिकाम्या पुड्या परत केल्या, एकावर एक रचून, रबर लावून, आणि मॅडम बाकावरच्या सगळ्या लोकांना म्हणाल्या, "बघा, पेशंट असावेत तर रामलिंगकाका आणि अजीजचाचासारखे. एक पुडी चुकलेली नाही." तेव्हा तुझा चेहरा उतरला. मी खुशाल मान डोलावली. बाहेर आल्यावर मी नवीन पुड्यांसाठी डबा काढला आणि तू रिक्षा थांबवलीस.

बरं, मॅडमचं कौतुक तुला टोचलं. पण सांगून होणार काय? त्या आपल्या दोघांनाही अभ्यासातून काढून टाकतील. मग टोपी नाही, तपासणी नाही, काही नाही. माझा हात सुधारतोय, त्यावर पण बोळा फिरवतील. तुला हे पाहिजे का?

या महिन्याच्या पुड्या मी माझ्या माझ्या घेतोय. तू तुझ्या घेतोस ना? नाझनीन, घेतात ना? आणि चालतात का रोज? चालताना त्यांना 'मोठी पावलं' असं ओरडून सांगत जा. त्यांना राग येईल, पण पाऊल मोठं पडेल.

१९ तारीख. विसरू नको.

रामलिंग


लातूर, २ नोव्हेंबर

अजीज,

सांगितलं.

काल नांदेडला जाऊन आलो. अहमदपूर, लोहा करत सकाळच्या एसटीनं. मॅडमला सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, असं होतंच असतं." चहा पाजला. म्हणाल्या, फक्त १९ तारखेला दोघंही या. एवढंच.

तर आता तुझं काही अडायला नको. तुझ्या टोपीची वेळ दहाची, माझी साडेअकराची. डोक्याला तेल लावून येऊ नको असं सांगायचं असतं, पण तुझ्या डोक्याला तो प्रश्नच नाही. मलाच आदल्या दिवशी शिकेकाईनं न्हावं लागतं. चतुरा म्हणते, लग्नाच्या वेळी एवढे न्हाला नव्हता.

झालं. आता येतोस.

रामलिंग


लातूर, ९ नोव्हेंबर

अजीज,

आज कार्डावर तू दोन ओळी लिहून घेतल्यास. नाझनीनच्या अक्षरात तुझा आवाज ऐकू आला. "तू सांगितलं असतं तर मॅडमनं आधी मला फोन केला असता. वो हँसने वाली औरत नक्को समझ, रामलिंग."

खरं आहे. गेलोच नव्हतो. चहा पाजला हे लिहिताना मलाच वाटलं, जास्त झालं.

पान फाडून परत लिहायला घेतलं. दोन वेळा उठून वर्कशॉपच्या दारापर्यंत गेलो आणि आलो. मशिनी बंद होत्या आज. बंद वर्कशॉपमध्ये मला बसवत नाही. काहीतरी चालू पाहिजे.

आता हे पण ऐक. नाझनीन, हे हळू वाच.

उदगीरला हात दगडासारखा नव्हता. सळई बेअरिंगवर टेकवली, कानाला लावली, आणि आतून टकटक टकटक ऐकू आलं. मी लगेच म्हटलं, हे बेअरिंग गेलं. शिवशंकरनं दोन तास घालून ते खोललं. बेअरिंग नवंकोरं. ती टकटक माझ्याच हाताची होती, अजीज. हात सळई हलवत होता आणि सळई मला माझंच ऐकवत होती. मलप्पानं शेंगाची चटणी बांधून दिली. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवशंकर सळई धरायला तयार आहे. धरतो पण. पण त्याला दाबायचं कुठं ते उमगत नाही, तो मशीनच्या पोटावर धरतो जसं काही डॉक्टर पोरीचा ताप बघतोय. मी हातानं दाखवायला जातो तर हात भलतीकडंच दाखवतो.

माझ्याकडं कान सोडून दुसरं आहे काय? सातवी नापास माणूस. लातूर-उदगीरच्या मिलवाल्यांनी मला खुर्ची दिली ती या कानाला दिली. कान अजून शाबूत आहे आणि त्याच्यापर्यंत आवाज घेऊन जाणारा हात गेला.

मला वाटलं होतं, खरी पुडी निम्मी तरी पोटात जातेय, तिसऱ्या महिन्यापर्यंत हात थांबेल. थांबला नाही. तरी टोपीत कायतरी दिसेल, आत सुधारलेलं असेल, बाहेर यायला वेळ लागत असेल, असं धरून बसलोय. मॅडमला सांगितलं आणि त्यांनी 'तुमचं काही मोजत नाही' म्हणून काढून टाकलं, तर तेवढं पण राहत नाही. म्हणून जात नव्हतो. बास, हेच.

दोन-तीन दिवसांत जातो. बघू.

रामलिंग


नांदेड, दवाखान्याचा व्हरांडा, १२ नोव्हेंबर

अजीज,

एसटी सुटायला वेळ आहे. वही बरोबर आणली होती. मांडीवर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. नाझनीन, लागेल तेवढं वाच, बाकी अंदाजानं.

मॅडम दारातच भेटल्या. "काका, तुमची तारीख एकोणीस आहे. आज कसे?"

म्हटलं, "टोपीसाठी नाही आलो. थोडं बोलायचंय."

आत नेलं. बसा म्हणाल्या. मी बसलो, उठलो, परत बसलो. मग डब्यापासून सगळं सांगितलं. चमचा, निम्मं निम्मं, पहिले दोन्ही महिने. तू म्हणतोस तसंच. हसल्या नाहीत.

"कल्पना कुणाची?"

"माझी. अजीजनं फक्त चमचा आणला."

"चमचा," त्या म्हणाल्या. मग पेन बंद केलं. "तुम्हाला वाटलं, दोघांत एकाला खरी असणारच?"

"हाव."

माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, मी दुसऱ्या पेशंटला तुमचं नाव सांगते. लोहाचे एक आजोबा पुड्या विसरायचे, त्यांना मी म्हटलं, रामलिंगकाकांकडं बघा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"एकाला खरी आणि एकाला साधी असेल," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही दोघं मिळून मधलेच कुणीतरी झालात. ना या बाजूचे, ना त्या. दोन माणसं कमी झाल्यासारखी. आमच्याकडं आधीच माणसं थोडी आहेत."

"म्हणजे आम्हाला काढणार."

"काढलं तर मला सोपं आहे. जे सांगितल्यासारखे वागले तेवढेच मोजायचे, अभ्यास दिसायला छान होतो. पण घरी गेल्यावर माणसं अशीच वागतात, काका. कुणी विसरतं, कुणी सुनेला देतं, कुणी डबा आणतं. आलेलं माणूस मी मोजणार. ज्या बाजूला सुरुवातीला पडलं त्याच बाजूला मोजणार, आणि त्यानं काय केलं ते खाली लिहिणार. नाव न घालता."

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मॅडम, माझा हात थोडा सुधारलाय का?"

"तुम्हीच सांगा."

"नाही."

"मी पण तेच लिहिलंय," म्हणाल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या. खोटं बोलल्या असत्या तर मला ते आवाजातून कळलं असतं, आणि त्या खोटं बोलल्या नाहीत.

उठताना म्हणाल्या, "अजीजचाचा कुठायत? मी फोन करते. पण फोनपेक्षा तुम्ही आणलं तर बरं. माझ्याकडं त्यांची पहिली टोपी आहे. शेवटची नसेल तर ती पहिली पण वाया. सुरुवात आहे आणि शेवट नाही, असं माणूस कुठल्याच बाजूला मोजता येत नाही."

तर सांगितलं. या वेळी खरंच. तुझ्या फोनवर मॅडमचा मिस कॉल असेल, बघ. तो पुरावा.

चहा कुणी पाजला नाही.

एसटी लागली.

रामलिंग


लातूर, २१ नोव्हेंबर

अजीज,

परवा बोलणं झालं नाही म्हणून लिहितोय. तू बोलायची जागाच ठेवली नाहीस.

मी लवकर येऊन बसलो होतो. नऊपासून जिन्याकडं कान लावून. सकाळच्या वेळेला तिथं किती पाय असतात. नर्सबाईंचे बूट, खाटेची चाकं, पोरांना ओढत आणणाऱ्या आया. दहा वाजले. सव्वादहा वाजले. त्या टोपीवाल्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजीज कोण? नाही आले? मग पुढचं नाव घेते." मी म्हटलं, थांबा, येतोय तो. त्या म्हणाल्या, कशावरून?

मग खालून पहिल्या पायरीवर आवाज आला. उजवी चप्पल टेकते, डावी घासत येते. मध्ये नाझनीनचं "बडा कदम, अब्बा, बडा कदम." मी त्या बाईंना म्हटलं, हा आला. त्या जिन्यात वाकून बघायला लागल्या, तर तू अजून खालच्या वळणावर होतास.

तू मला सलाम केलास तो दवाखान्याच्या शिपायाला करतात तसा. तुझ्या टकलावर ती बाई जेल लावून एक एक तार चिकटवत होती आणि तू डोळे मिटून, ओठ घट्ट, जसं काही न्हाव्यानं कान कापलाय. मी दाराच्या फटीतून बघत होतो. त्या पडद्यावर रेघा नुसत्या पळत होत्या. मी पहिल्या वेळी पण मॅडमला विचारलं होतं, याचा आवाज नाही का निघत? त्या म्हणाल्या, नाही काका, ही नुसती बघायची असते. मला हे अजून पटत नाही. डोक्यात एवढं काम चालू आहे, आणि आवाज नाही.

माझी टोपी होईस्तोवर तू थांबलास. त्यावरून मी आशा धरली. म्हटलं, पोरगं नरम आलंय. बाहेर आपल्या त्याच हॉटेलात गेलो. मी तोंड उघडायच्या आत तू पोऱ्याला सांगितलंस, "दोन फुल."

दोन फुल चहा. एक तुझ्यापुढं, एक माझ्यापुढं. गच्च भरलेले. आपल्या दोघांच्या हातात भरलेला कप म्हणजे काय, ते त्या पोऱ्याला पण कळलं, तो खाली फडकं ठेवून गेला. नाझनीन तोंडावर पदर धरून हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही. तू अर्धा सांडलास, मी अर्धा सांडला. आणि तू उठून गेलास.

तेवढंच सांगायचं होतं. तुझा राग मला मान्य आहे. पण पाय घरी आल्यापासून एका जागी नाहीत.

रामलिंग


लातूर, ८ फेब्रुवारी

अजीज,

काल मॅडमनी बोलावलं होतं. सगळ्यांची शेवटची टोपी झाली, मुंबईचं कुलूप उघडलं, ज्याला त्याला बोलावून सांगतायत कुणाची पुडी कोणती होती. तू गेला नाहीस. ताप होता असं कळलं. बरा हो.

मॅडम म्हणाल्या, "तुमची सांगते. अजीजचाचांची सांगू का, म्हणून त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, 'उसको बोल दो, वो हँसेगा.'"

म्हणजे तुला माझ्या आधी माहीत होतं.

मी म्हटलं, सांगा. त्या म्हणाल्या, "काका, तुमची साधी होती. आणि चाचांची पण साधी."

दोघांची साधी. मी ते दोन वेळा वदवून घेतलं. एकाला तरी खरी असणारच, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. निम्मे इकडं, निम्मे तिकडं, म्हणून आपल्या दोघांत पण एक इकडं एक तिकडं, असा हिशेब मी हॉटेलात बसून केला आणि त्याच्यावर एवढं सगळं उभं केलं. बेअरिंगसारखंच. त्या दिवशी मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या होत्या ते या हिशेबाकडं बघत होत्या.

"म्हणजे आम्ही तुमचं काही बिघडवलं नाही?" मी विचारलं.

"कशात काय मिसळलंत?" त्या म्हणाल्या. "निम्मं काही नाही, आणि निम्मं काही नाही. पण डबा आणलात हे मी लिहिलंयच. ते पुसत नाही."

मग आधी त्या हसल्या आणि मग मी. बाहेर बाकावरच्या लोकांना वाटलं असेल, याचा आजार बरा झाला. आणि अजीज, तो चिमूटभर जास्तीचा वाटा, ज्याच्यावरून तू दोन महिने कुरकुरलास, तो तुला परत पाहिजे असेल तर सांग. भुकटी घरी डब्याच्या कडेला अजून चिकटलेली आहे. चतुराचं घासायचं राहिलंय.

बाकीच्यांचं काय झालं, खऱ्या पुडीनं लहरींत फरक पडला का, तेही विचारलं. म्हणाल्या, इतक्या थोड्या लोकांवरून छाती ठोकून सांगणार नाही, आकडे अजून तपासायचेत. आपल्या दोघांच्या रक्तात डी कमी आहे, म्हणून आता उघड उघड खरी पुडी लिहून दिली. हाडांसाठी. हात थांबेल म्हणून नाही, हे बजावून सांगितलं. तुझी चिठ्ठी माझ्याजवळ दिली आहे, ती यासोबत आहे. नाझनीन, औषधाच्या दुकानात हीच दाखव, दुसरं काही घेऊ नको.

आता कामाचं. तुरीचा सीझन लागला. मलप्पाची मिल रात्रंदिवस चालू आहे आणि मधूनच कण्हते. काल त्याचा फोन आला, "अण्णा, कान घेऊन या." त्या बेअरिंगनंतर परत बोलावेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, येतो, पण एक माणूस बरोबर आणीन. म्हणाला, आणा की. जेवायला ज्वारीची भाकरी चालते का त्याला?

तुझा डावा गेला, उजवा अजून तुझा आहे. मी टोपीच्या दिवशी बघितलं, सही करताना तो हलला नाही. जिनिंगमध्ये तू सळई धरायचास आणि मी ऐकायचो, कारण मला मशीनच्या आत हात घालायची भीती वाटायची. हे शिवशंकरला माहीत नाही. त्याला मी आजवर सांगत आलो की मी एकट्यानंच शिकलो. तो समोर असेल तेव्हा तू ते सांगितलंस तरी चालेल.

धर्माबादवरून नांदेडला ये, तिथून मी तुला घेतो. गाडी शिवशंकर चालवेल. येत्या रविवारी. पुडीचा वार आहे, पण डबा आणू नको. तुझी पुडी तू तुझ्या घरी, तुझ्या दुधातून, पूर्ण घेऊन ये. माझी मी घेऊन येतो.

चहा मात्र मी सांगणार. एक में दोन. निम्म्या कपातून सांडत नाही.

रामलिंग